चौदा टक्के

बुधवारी अपंगत्वाच्या बोर्डापुढं जायचं होतं, म्हणून मायानं मंगळवारीच नवऱ्याचा निळा शर्ट धुऊन, घडी घालून गादीखाली दाबून ठेवला. घरात इस्त्री होती, पण लाइट नव्हती, आणि मोहगावात लाइट कधी येईल हे विचारायच्या भानगडीत आता कोणी पडत नाही. सकाळी त्याची दाढी झाली, केसांना तेल लागलं. निघताना ती म्हणाली, साहेबापुढं नीट ताठ उभे राहा, उगाच वाकून राहू नका. या एका वाक्यावरून पुढं तिनं स्वतःला किती शिव्या घातल्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

पण त्या सकाळी तिला काय माहीत? ताठ उभं राहणं हीच त्या घरची रीत होती. प्रेमानंद नगरारे बारा वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत, एका फोर्जिंगच्या कारखान्यात ठेक्यावर होता. लांब संडशीनं भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा उचलायचा, घणाच्या मशीनखाली धरायचा, फिरवायचा, पुन्हा धरायचा. आठ तास, उभ्यानं. ठेक्यावरच्या माणसाचा पास वर्षाला संपतो आणि मेडिकल झाल्याशिवाय नवा मिळत नाही. आता मेडिकल म्हणजे काय, हे हिंगण्याला जाणाऱ्या कोणालाही विचारा. बीपीवाला सकाळी कच्चा लसूण चावून येतो. ज्याला लांबचं दिसत नाही तो पुढच्याकडून डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून घेतो. आख्खी रांग शाळेत पाढे म्हटल्यासारखी पुटपुटत असते. कंबर गेलेला दोन गोळ्या खातो आणि डॉक्टरसमोर दहा उठाबशा काढून दाखवतो. दुखतं म्हणणाऱ्याला गेटच्या आत कोणी घेत नाही. प्रेमानंद असा बारा वेळा पास झाला होता.

तेराव्या मेडिकलच्या आधी ट्रक आडवा आला. डिसेंबरचा महिना, पहिली पाळी, पहाटेचे साडेपाच, हातभर अंतरावरचं दिसू नये असं धुकं. वाडीहून हिंगण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका गोडाऊनमधून ट्रक उलटा बाहेर येत होता. मागचे दिवे बंद, मागं उभं राहून हात दाखवणारं कोणी नाही. प्रेमानंदची मोटरसायकल त्याच्या डाव्या अंगाला धडकली आणि तो खाली पडल्यावरही ट्रक आणखी दोन हात मागं आला. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजवा पाय चाकाखाली गेला. दोन ऑपरेशनं झाली, नळीत रॉड बसला, गुडघा अर्धा वळतो, घोटा वळतच नाही. वर्षाच्या आत आणखी एक ऑपरेशन करा, नाहीतर घोटा असाच वाकडा राहील, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि ते वर्ष कधीच उलटून गेलं होतं. कारण ऑपरेशन नुसतं सांगून होत नाही, त्याला पैसा लागतो.

पोलिसांनी ट्रक ड्रायव्हरवर केस केली. नुकसानभरपाईचा दावा वेगळा टाकावा लागतो हे घरात कोणाला माहीत नव्हतं. ते कळलं सासूमुळं. सिंधूताई, प्रेमानंदची आई, एकदा विहारात भरलेल्या कायद्याच्या शिबिराला बसली होती, चहा मिळणार म्हणून. तिथलं एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं की गरिबाला कोर्टात फुकट वकील मिळतो. दवाखान्याच्या दारात कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्या एका एजंटाला तिनं चप्पल दाखवली आणि सुनेला घेऊन थेट जिल्हा कोर्टातलं मोफत कायदा मदतीचं ऑफिस गाठलं. तिथून वकील म्हणून अबोली वैरागडे मिळाल्या. तिशीतल्या, सडपातळ, बोलायला मऊ. मायाचा त्यांच्यावर जीव बसला, कारण त्या एकदाही घड्याळाकडं बघायच्या नाहीत.

तर बुधवारी बोर्ड. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसायला जागा नव्हती. एक पाय नसलेला माणूस होता, पाठीवर मुलगी घेतलेली बाई होती, ओठावर लाळ आलेला म्हातारा होता. प्रेमानंदला बाक मिळाला तेव्हा तो उठला आणि त्यानं तो म्हाताऱ्याला दिला. काठी मायाजवळ देऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्या लोकांत बसायची त्याला लाज वाटून राहिली होती, हे मायाला दिसत होतं. तिलाही वाटत होती, खोटं कशाला बोला.

नाव पुकारल्यावर तो काठी न घेताच आत गेला. माया दाराच्या फटीतून बघत होती. डॉक्टरनं सांगितलं, चाला. तो भिंतीपर्यंत जाऊन आला. सांगितलं, उकिडवे बसा. माया म्हणणार होती की बसता येत नाही, पण तो बसला. आणि उठलासुद्धा, कोणाचा हात न धरता. डॉक्टरनं कोन मोजायची पट्टी लावली, काही लिहिलं, पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर त्याच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा असा की वर्षभरात तिनं तसा पाहिला नव्हता.

"झालं," तो म्हणाला. "काहीच अडलं नाही."

आणि मायाला बरं वाटलं. हीच तर गंमत. परत येताना दोघांनी उसाचा रस घेतला. घरी पोचेपर्यंत त्याचा पाय असा सुजला की पँट निघेना. शेवटी तिनं शिवण उसवून ती काढली. संध्याकाळी निळा शर्ट धुवायला घेतला तर खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली. दहाच्या दहा संपलेल्या.

चार आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. अबोली मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चौदा टक्के. मॅडमनी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं, त्यांनी हळूच विचारलं की बोर्डापुढं नेमकं काय काय केलं. प्रेमानंदनं सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता आणि सांगता सांगताच तो विरत गेला. मॅडम म्हणाल्या, पुन्हा तपासणीचा अर्ज देऊ, पण तारीख त्याच्या आधी आहे, आणि ट्रकच्या विमा कंपनीचा वकील हाच कागद धरून बसणार. कोर्ट नुसते टक्के पाहत नाही. त्या पायानं माणसाला त्याचं काम करता येतं की नाही, हे पाहतं. पण ते साक्षीत यायला हवं, आणि ते बोलायला दुसरं कोणी नाही.

"वाढवून सांगू नका," त्या म्हणाल्या. "फक्त कमी करून सांगू नका. एवढंच करा, दादा."

एवढंच. मॅडमला काय माहीत की त्या घरात हेच सगळ्यात अवघड होतं.

माया तेव्हा गावातल्याच एका मळ्यात जात होती. पहाटे चारला उठून सांभार उपटायचा. इकडं कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. मातीचा गोळा झटकायचा, मुठीत मावेल तेवढी जुडी बांधायची, ओल्या पोत्यावर रचायची. सात वाजता गाडी वाडीच्या बाजारात जायची. मग दिवसभर वांगी, निंदण, पाणी. एप्रिलचं ऊन नऊ वाजताच डोक्यात शिरायचं. बोटांच्या कडांना हिरवे काळे चरे पडले होते आणि ती घरी आली की आख्ख्या घराला सांभाराचा वास यायचा. तिला आता तो वास सहन होत नव्हता. पण नवरा घरी बसून तिची वाट पाहायचा, म्हणून ती दुपारी एकदा धावत घरी यायची आणि पुन्हा धावत जायची. मळेवाला विचारायचा, दुपारी कुठं जाता बाई? ती म्हणायची, पोरीले जेवण वाढाले. पोरगी, प्रीती, बारावीत होती आणि आपलं आपण वाढून घेत होती.

तारखेच्या आधीच्या रविवारी जागेश्वर आला. जागेश्वर म्हणजे ठेकेदार, उमरेडच्या विणकरांच्या घरातला. स्वतःही आधी मशीनवर उभा राहिलेला. माणूस वाईट नाही. अपघात झाल्यावर रक्त द्यायला तोच चार जण घेऊन आला होता. चहा घेता घेता त्यानं सांगितलं की पुढच्या महिन्यात स्टोअरमध्ये एक जागा होते आहे. भट्टीवर नाही, माल द्यायचा, घ्यायचा, पेट्या उचलायच्या. नाव घालतो. फक्त मेडिकल तेवढं पास करावं लागेल.

मग त्यानं कप खाली ठेवला. "मले कोर्टाचा कागद आला आहे, प्रेमा. साक्षीले येईन मी, तू कामावर होता हे सांगीन. पण तूच तिथं लिहून दिलं का मले होत नाही, तर कंपनी तुले दारात उभं करन का? माझ्या हातात मग काही राहत नाही."

तो गेल्यावर प्रेमानंदनं काठी दाराआड नेऊन ठेवली. मायानं ते पाहिलं आणि काठी तिथंच राहू दिली. कारण खरं सांगायचं तर तिलाही ती नोकरी पाहिजे होती. नवरा सकाळी डबा घेऊन जातो आहे, गाडीचा आवाज येतो आहे, हे तिला फार हवं होतं.

मंगळवारी तारीख होती. सोमवारी पहाटे ती मळ्यात जायला म्हणून उठली तर खाट रिकामी. मागच्या अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला होता, तिला वाटलं कुत्रं असेल. गेली तर प्रेमानंद जमिनीवर. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात रेती भरून, तोंड बांधून तो उचलायची प्रॅक्टिस करून राहिला होता. पोतं अंगावर घेऊन पडला होता. वाकडा पाय खाली अडकलेला, गाल मातीत, आणि तोंडातून आवाज नाही. किती वेळ पडला होता कोणास ठाऊक. हाक मारली असती तर सासू उठली असती, पोरगी उठली असती.

"काही नाही," तो म्हणाला. "बसलो होतो."

मायाला चीड आली. तिनं पोतं बाजूला ओढलं, पण त्याला उठवलं नाही. त्याच्याजवळ मातीतच बसली.

"तुमी कोणाले फसवून राहिले?" ती म्हणाली. "कंपनीच्या डॉक्टरले फसवलं, ठीक आहे. बोर्डाले फसवलं. आता मले म्हणता बसलो होतो. सरणावर ठेवतान तरी सांगान का, दुखते म्हणून?"

तो वळून उताणा झाला. गालावरची माती पुसत म्हणाला, "मले दुसरं काही येत नाही वं माया. होते म्हणणं, एवढंच येते."

त्या दिवशी ती मळ्यात उशिरा पोचली आणि मळेवाल्यानं अर्ध्या दिवसाची हजेरी मांडली.

कोर्टात पंखा होता, पण तो न्यायाधीशबाईंच्या डोक्यावर. प्रेमानंद साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. बाई म्हणाल्या, बसून बोललात तरी चालेल. तो म्हणाला, नाही जी, उभाच ठीक आहे. अबोली मॅडमनी खाली कागदाकडं पाहिलं. माया भिंतीजवळच्या बाकावर होती. मागच्या बाकावर जागेश्वर येऊन बसला होता. त्याची साक्ष नंतर होती, शिपायानं त्याला दारात हटकलं, पण मॅडम उठून म्हणाल्या की हा फक्त हजेरीपुरता साक्षीदार आहे, आणि बाईंनी बसू दिलं.

विमा कंपनीचे वकील वयस्कर, पांढऱ्या केसांचे. आवाज मोठा गोड. वेग किती होता, दिवा लागला होता का, हेल्मेट होतं का, धुक्यात हॉर्न दिला का, हे सगळं विचारून झालं. प्रेमानंदनं सगळ्याला सरळ उत्तर दिलं. मग त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतलं.

"बोर्डापुढं काठी न घेता चाललात?"

"हाव."

"उकिडवे बसलात?"

"हाव जी."

"आणि उठलात. कोणाचा आधार न घेता."

"उठलो."

प्रत्येक उत्तराबरोबर त्याची पाठ सरळ होत चालली होती. कठड्यावरचा हात त्यानं काढून घेतला होता. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, हनुवटी वर करून उभा. मायानं हे उभं राहणं ओळखलं. तिचा नवरा मेडिकल देऊन राहिला होता. मागं जागेश्वर बसला होता आणि त्याच्या एका कागदावर महिनाभरानं नाव लिहायचं होतं. गेलं सगळं, असं तिच्या मनात आलं. ऑपरेशन गेलं, पाय गेला, आणि हा माणूस आता मरेपर्यंत गोळ्या खाऊन उठाबशा काढत राहणार.

वकील पुढच्या पानाकडं वळले होते. शेवटचं जे सगळेच वकील विचारतात, तेच ते विचारत होते, वर न बघता. "माझं म्हणणं आहे की तुम्हाला काहीही झालेलं नाही. जास्त भरपाई मिळावी म्हणून तुम्ही लंगडण्याचं नाटक करता."

याला साक्षीदार म्हणतो, खोटं आहे. टायपिस्टनं तसं टाइप करायला बोटं ठेवलीच होती. पण उत्तर आलं नाही. बाई म्हणाल्या, उत्तर द्या.

"नाटक केलं जी," प्रेमानंद म्हणाला.

वकिलांनी वर पाहिलं. अबोली मॅडमचं पेन थांबलं.

"पण हे नाही. बोर्डापुढं केलं, ते नाटक होतं. गोळ्या खाऊन गेलो होतो. दहा गोळ्या, सकाळपासून. बारा वर्षं तसंच मेडिकल देतो मी, आमी सारेच तसं देतो. दुखते म्हटलं का काम जाते. मले वाटलं, इथंही पास व्हा लागते."

बाई पुढं झुकल्या. "मग आता सांगा. बसता येतं तुम्हाला?"

त्यानं कठडा धरला आणि उजवा पाय उचलून टेकवला, जसा तो घरी कोणी बघत नसताना टेकवायचा.

"नाही येत," तो म्हणाला. "मले होत नाही. पोतं उचलणं होत नाही, उभं राहणं होत नाही. संडासात बायको बसवते अन् बायको उठवते. सोळा महिने झाले. माय म्हातारी आहे, पोरगी मोठी झाली, त्याइले कसं सांगा? बायको मळ्यातून येतपर्यंत मी जात नाही. सकाळपासून पाणी पीत नाही."

मायाचे कान तापले. भरल्या कोर्टात, एवढ्या परक्या माणसांत. जागेश्वर हे ऐकत होता आणि उद्या हिंगण्याच्या गेटवर कळणार होतं. तिला पदरात तोंड घालावंसं वाटलं. त्याच वेळी तिला एवढं रडू आलं की तिनं दातांखाली ओठ धरला. पाणी पीत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. रोज तांब्या भरून ठेवून जायची ती, आणि आल्यावर तो रिकामा असायचा. ओतून देत असेल.

विमा कंपनीचे वकील म्हणाले, हे मी विचारलेलं नाही. बाई म्हणाल्या, मी विचारलं आहे, आणि लिहून घेते. मग त्यांनी टायपिस्टला कोर्टाच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. मला शौचास बसता व उठता येत नाही. त्याकरिता पत्नीची मदत घ्यावी लागते. पत्नी कामावरून परत येईपर्यंत मी पाणी पीत नाही. खोलीत फक्त बोटांचा आवाज येत होता. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे? त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि बरोबर आहे म्हणाला. मग शिपायानं कागद नेऊन दिला आणि त्यानं प्रत्येक पानावर सही केली.

जागेश्वरची साक्ष दहा मिनिटांची. बारा वर्षं कामावर होता, कधी नागा नाही. मॅडमनी विचारलं, असा माणूस तुमच्या कामावर चालतो का? जागेश्वर प्रेमानंदकडं न बघता म्हणाला, नाही चालत.

बाहेर व्हरांड्यात जागेश्वर त्यांच्याजवळ आला. रागावलेला नव्हता. म्हणाला, "आता मी कोणत्या तोंडानं तुझं नाव काढू, सांग."

"नको काढू," प्रेमानंद म्हणाला. जागेश्वरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मायाला वहिनी येतो म्हणाला आणि जिना उतरून गेला. बारा वर्षांचा कारखाना त्याच्याबरोबर उतरून गेला, हे तिघांनाही कळत होतं.

अबोली मॅडमनी सांगितलं की आजचं बोलणं त्या चौदा टक्क्यांच्या कागदावर भारी पडू शकतं, पण मी वचन देत नाही, निकाल बाईंचा. पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. डॉक्टरची साक्ष राहिली आहे, बोर्डाच्या अर्जाचं मी बघते. बोलताना त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून प्रेमानंदच्या हातात दिली. त्यानं बाटलीकडं पाहिलं, मायाकडं पाहिलं, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

दुपारचे दोन वाजले होते. कोर्टाच्या फाटकाबाहेर डांबर मऊ झालं होतं, झाडाखाली सावलीलाही ऊन लागत होतं. मायानं हात दाखवला तसा एक ऑटो येऊन थांबला. ड्रायव्हर कॉलेजातल्या पोरासारखा, गळ्यात ओला दुपट्टा. त्यानं प्रेमानंदच्या पायाकडं पाहिलं आणि विचारलं, "काका, चढता येते नं?"

सोळा महिने हा प्रश्न आला की माया घाईनं पुढं व्हायची आणि हो हो, येते, म्हणायची. आताही तिचं तोंड उघडलंच होतं.

"नाही येत," प्रेमानंद म्हणाला. "उतर गा खाली. हात दे."

ड्रायव्हर उतरला, वळसा घालून आला आणि त्यानं प्रेमानंदच्या काखेत हात घातले. मायाच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात फाइल. ती तशीच बाजूला सरकून उभी राहिली.